संचार साथी: नावावरची सिमकार्डं सापडतात, खात्यातले पैसे नाही

दूरसंचार विभागाची ‘संचार साथी’ ही सेवा सरकारी आहे, मोफत आहे आणि तिच्यातले दोन विभाग प्रत्येक मोबाईलधारकाने वापरायलाच हवेत इतके उपयोगी आहेत. तिसरा विभाग मात्र लोक चुकीच्या अपेक्षेने उघडतात आणि तिथेच मोलाचे तास घालवून बसतात. म्हणून सरसकट चांगली किंवा वाईट असा शेरा न मारता या सेवेचा एकेक भाग वेगळा तपासलेला बरा: कोणता कशासाठी, बसताना हाताशी काय ठेवायचं, कुठे अडतं आणि कुठून पुढे दुसरीकडे धाव घ्यावी लागते.

संकेतस्थळ १६ मे २०२३ रोजी सुरू झालं, ॲप १७ जानेवारी २०२५ रोजी आलं. पत्ता ‘संचारसाथी डॉट गव्ह डॉट इन’. पत्त्याचा शेवट ‘गव्ह डॉट इन’ असाच आहे ना, हे ओटीपी टाकण्याआधी पाहा. मेसेजमधून आलेल्या लिंकवरून इथे कधीच जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा.

आपल्या नावावर किती सिम

सगळ्यात मोलाचा भाग हाच. लोक अजूनही याला ‘टॅफकॉप’ म्हणतात. ‘नो युवर मोबाईल कनेक्शन्स’ निवडायचं, दहा आकडी नंबर आणि कॅप्चा भरायचा, आलेला ओटीपी टाकायचा. त्या नंबरच्या मालकाच्या नावावर चालू असलेल्या कनेक्शनची यादी समोर येते. नंबर पूर्ण दिसत नाहीत, काही आकडे झाकलेले असतात. प्रत्येकापुढे तीन पर्याय असतात: हा माझा नंबर नाही, माझा आहे पण आता नको, आणि माझा आहे व हवा आहे. पहिल्या दोनपैकी एक निवडून तक्रार नोंदवली की संदर्भ क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा, पुढची स्थिती त्याच्यावरच कळते. ‘माझा नाही’ म्हटलेल्या नंबरची कंपनी पुन्हा पडताळणी करते आणि पडताळणी झाली नाही तर तो बंद होतो.

हे पाहायचं कशासाठी? तुमच्या नावावरच्या सिमवरून कुणाची फसवणूक झाली, तर तपास करणारे पोलीस सगळ्यात आधी तुमच्याच दारात येतात. शिवाय एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात; जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत ही मर्यादा ६ आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात मर्यादा ओलांडल्याबद्दल पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत आणि नंतर २ लाखांपर्यंत दंड आहे. कुणीतरी गुपचूप काढलेली सिमंही याच मोजणीत येतात.

ती निघतात कशी, तेही समजून घ्या. दुकानात आधारवर ई-केवायसी करताना विक्रेता म्हणतो, ‘ठसा नीट आला नाही, परत ठेवा.’ कधीकधी खरंच आलेला नसतो. पण दुसऱ्या ठशावर दुसरं सिम चालू करायचं आणि ते भामट्यांना विकायचं, असले प्रकार देशभर पोलीस तपासात उघड झाले आहेत. म्हणून पहिला ठसा का फेटाळला गेला ते यंत्राच्या पडद्यावर दाखवायला सांगा, आणि नवं सिम घेतल्यावर आठवडाभराने ही यादी नक्की पाहा. कागदी झेरॉक्सवर सिम देणं १ जानेवारी २०२४ पासून बंद आहे. तरी त्याआधी निघालेली सिमं चालूच आहेत. पाच-सात वर्षांपूर्वी कुठेतरी दिलेली आधारची झेरॉक्स आज या यादीत एका अनोळखी नंबरच्या रूपाने समोर येऊ शकते.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास चुकतात. पहिली गफलत मालकीची. यादी दिसते ती सिम ज्याच्या नावावर आहे त्याची. फोन कोण वापरतं याच्याशी तिचा संबंध नाही. आईचं सिम मुलाच्या आधारवर घेतलेलं असेल, तर आईच्या नंबरने पाहिल्यावर मुलाच्या नावावरचीच यादी येणार. आईच्या नावावर कुणी परस्पर सिम काढलं असेल तर ते यात दिसणारच नाही. तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या नावावर निदान एक सिम असावं आणि प्रत्येकाची यादी वेगळी पाहावी. ज्येष्ठांच्या बाबतीत तर हे अगत्याने करा. त्यांच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स दवाखाना, बँक, पेन्शन अशा ठिकाणी सर्वाधिक फिरलेल्या असतात.

दुसरी गफलत घाईची. अनोळखी नंबर दिसला की लोक लगेच ‘माझा नाही’वर बोट ठेवतात आणि चार दिवसांनी वायफाय डोंगल बंद पडतं किंवा गावाकडच्या काकांचा फोन लागेनासा होतो. डोंगल, गाडीतलं ट्रॅकिंगचं यंत्र, घरच्या कॅमेऱ्यातलं सिम, नातेवाइकांना आपल्या कागदांवर घेऊन दिलेलं सिम ही सगळी यादीत असू शकतात. आधी घरात विचारा, दिसणारे आकडे जुळवून पाहा आणि मगच तक्रार करा. उलट बाजूने, खात्री पटल्यावर दिरंगाई करू नका. तीन महिन्यांतून एकदा ही यादी पाहायची सवय लावली तरी पुरे.

हरवलेला फोन ब्लॉक करणं

फोन चोरीला गेल्यावर त्याचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, देशभरातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद करणारी ‘सीईआयआर’ ही यंत्रणा इथूनच चालते. काम चोख आहे. विनंती मान्य झाल्यावर साधारण २४ तासांत तो हँडसेट भारतातल्या कोणत्याही कंपनीच्या नेटवर्कवर चालत नाही, मग सिम कुठलंही घाला. कुणी सिम घालून पाहिलंच तर त्याची माहिती पोलिसांकडे जाते. हरवलेले फोन परत मिळतात ते याच वाटेने.

फॉर्म भरायला बसताना या गोष्टी जवळ हव्यात: दोन्ही आयएमईआय, फोनची कंपनी आणि मॉडेल, खरेदीचं बिल, पोलिसांकडच्या नोंदीचा क्रमांक आणि प्रत, ओळखपत्र, आणि ओटीपी येईल असा चालू नंबर. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही भरा. क्रमांक खोक्यावर आणि बिलावर असतो. तेही सापडत नसेल तर गूगल खात्याच्या ‘फाइंड हब’मध्ये किंवा ॲपल खात्याच्या उपकरणांच्या यादीत मिळतो. फोन हातात आहे तोवर स्टार-हॅश-०६-हॅश डायल करा, पडद्यावर दिसणारे क्रमांक कागदावर उतरवा आणि तो कागद फोनच्या कव्हरमध्ये न ठेवता घरी ठेवा.

आता अडतं कुठे ते पाहू. सीईआयआरला ओटीपी लागतो, ओटीपीसाठी हरवलेल्याच नंबरचं नवं सिम लागतं, आणि नव्याने काढलेल्या सिमवर एसएमएसची सोय २४ तास बंद असते. हा नियम चांगल्यासाठीच आहे: कुणी फसवून तुमच्या नंबरचं सिम काढलं तरी पहिला दिवस त्याला बँकेचा ओटीपी मिळू नये. पण याचा अर्थ असा की फोन सकाळी गेला आणि नवं सिम दुपारी मिळालं, तरी ब्लॉकची विनंती दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच भरता येईल. ओटीपी येत नाही म्हणून लोक संकेतस्थळाला दोष देतात, खरं कारण मात्र हे असतं. बऱ्याच पोलीस ठाण्यांतून ही विनंती पोलीसच टाकून देतात. नोंद करताना तसं विचारून घ्या, एक दिवस वाचू शकतो.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: ब्लॉक होतं ते फक्त मोबाईल नेटवर्क. वायफायवर तो फोन चालतो. आतले फोटो, मेल, कागदपत्रं तिथेच राहतात. म्हणूनच ब्लॉक करणं हे शेवटचं काम आहे आणि त्याआधीचा क्रम महत्त्वाचा आहे.

फोन गेल्याचं कळताच दुसऱ्या कुणाच्या फोनवरून आधी स्क्रीन लॉक करा. अँड्रॉइडसाठी ‘अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक’ या पानावर फक्त आपला नंबर टाकून हे करता येतं, मात्र ‘रिमोट लॉक’ ही सोय आधीच चालू करून ठेवलेली हवी. आयफोनसाठी ‘फाइंड माय’मधून ‘हरवला’ अशी खूण करायची. हे आधी करायचं, कारण लॉकची आज्ञा पोहोचायला चोरलेल्या फोनवर इंटरनेट चालू लागतं. सिम बंद झाल्यावर ते जाण्याचीच शक्यता जास्त. दोन मिनिटांत हे झालं नाही तर थांबू नका, लगेच मोबाईल कंपनीला फोन करून सिम बंद करा. मग बँकेला फोन: कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय थांबवायला सांगा. त्यानंतर पोलिसांकडे गहाळ किंवा चोरीची नोंद, नवं सिम, आणि मग सीईआयआर. फोन परत मिळण्याची आशा सोडली असेल तरच आतला मजकूर दूरून पुसून टाका. अँड्रॉइड फोन पुसल्यावर त्याचा ठावठिकाणा दिसणं बंद होतं.

फोन परत मिळाला तर त्याच विनंती क्रमांकाने अनब्लॉकची विनंती करावी लागते. तो क्रमांक हरवला तर फोन हातात असूनही नेटवर्क मिळत नाही, आणि हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळतं.

सिम पिन: या सेवेत नसलेलं, पण सगळ्यात स्वस्त कुलूप

चोर फोनचा लॉक उघडत बसत नाही. तो सिम काढतो आणि आपल्या फोनमध्ये घालतो. आता तुमचे सगळे ओटीपी त्याच्याकडे. यूपीआयचा नवा पिन बनवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीचा महिना-वर्ष आणि ओटीपी लागतो. काही बँकांत आधार क्रमांक आणि ओटीपीवरही काम होतं. पाकीट आणि फोन एकत्र गेले असतील तर त्याला काहीच कमी पडत नाही. याला अडवतो तो सिमचा चार आकडी पिन. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं किंवा फोन बंद करून चालू केला की पिन विचारला जातो.

अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या सुरक्षेच्या भागात ‘सिम लॉक’ असं सापडतं, आयफोनमध्ये मोबाईल डेटाच्या भागात ‘सिम पिन’. चालू करताना आधीचा ठरीव पिन विचारला जातो. तो अंदाजाने टाकू नका, कंपनीला विचारून घ्या. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि ते उघडायला पीयूके हा आठ आकडी क्रमांक लागतो, तो कंपनीकडून मिळतो. पीयूके दहा वेळा चुकला तर सिम कायमचं निकामी. ठरीव पिनने चालू केल्यावर लगेच तो बदला, नाहीतर काहीच साधलं नाही.

हिसकावून नेलेला फोन उघडाच असतो, तिथे सिम पिन कामाचा नाही. त्यासाठी अँड्रॉइडवर ‘थेफ्ट डिटेक्शन लॉक’ आणि आयफोनवर ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ चालू ठेवा. आणि गॅलरीत कार्डाचे, आधारचे, पॅनचे फोटो ठेवू नका. वर सांगितलेले सहा आकडे आणि मुदत बहुतेक वेळा तिथूनच मिळते.

जुना फोन घेताना

छोटा पण चोख भाग. केवायएम, मग जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ या क्रमांकावर पाठवायचा. ॲपवरही पाहता येतं. उत्तरात काळ्या यादीत, नक्कल किंवा आधीच वापरात असं काही आलं तर तो फोन घेऊ नका, किंमत कितीही पाडून दिली तरी. आयएमईआय खोक्यावरचा घेऊ नका, फोनवरच डायल करून पाहा आणि दोन्ही जुळतात का तपासा. आयएमईआयमध्ये फेरफार हा गुन्हा आहे: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

चक्षू: माहिती द्यायची जागा

४ मार्च २०२४ रोजी सुरू झालेला हा भाग सगळ्यात जास्त गैरसमज पसरवतो. ‘तुमचं केवायसी संपलंय’, ‘आज रात्री वीज तोडणार’, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत’, ‘दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होतील’ अशा फोन, मेसेज आणि व्हॉट्सॲपची माहिती इथे द्यायची. गेल्या ३० दिवसांतलीच घटना चालते. माध्यम निवडा, प्रकार निवडा, समोरचा नंबर, तारीख, वेळ, स्क्रीनशॉट आणि थोडक्यात हकीकत भरा, ओटीपी टाका.

पैसे गेले असतील तर इथे येऊच नका. ही पोलीस तक्रार नव्हे, इथून कुठलीही बँक पैसे अडवत नाही. तसं पानावर लिहिलेलं आहे, पण घाबरलेला माणूस बारीक अक्षरं वाचत नाही. ती सूचना पहिल्याच पडद्यावर ठळक हवी होती. दुसरी उणीव म्हणजे दिलेल्या माहितीचं पुढे नेमकं काय झालं, याचा समाधानकारक पाठपुरावा सामान्य माणसाला मिळत नाही.

तरीही ही माहिती द्यावी, आणि त्याचं कारण ठोस आहे. मे २०२५ पासून दूरसंचार विभाग संशयित नंबरांना मध्यम, जास्त आणि अति जास्त अशा जोखमीच्या पायऱ्यांत बसवून ती यादी बँका आणि यूपीआय ॲपना देतो. त्यासाठी सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरच्या तक्रारी, बँकांची माहिती आणि चक्षूवरच्या नोंदी वापरल्या जातात. रिझर्व्ह बँकेने ३० जून २०२५ रोजी बँकांना ही यंत्रणा जोडून घ्यायला सांगितलं. म्हणजे तुम्ही नोंदवलेला नंबर उद्या दुसऱ्या कुणाचा व्यवहार थांबवू शकतो. व्हॉट्सॲपवर नंबर नुसता ब्लॉक करून सोडून देण्यापेक्षा हे तीन मिनिटांचं काम कितीतरी जास्त उपयोगाचं आहे.

खोटा मेसेज ओळखायला एक खूण आता हाताशी आहे. कंपन्यांच्या एसएमएसच्या नावाशेवटी जोडरेघ आणि एक अक्षर येतं: पी जाहिरातीचं, एस सेवेचं, टी व्यवहाराचं, जी सरकारी. बँकेच्या नावाने दहा आकडी साध्या नंबरवरून मेसेज आला तर तो बँकेचा नाही असंच धरून चाला. बँकांनी सेवेसाठीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून आणि जाहिरातीचे १४० च्या मालिकेतून करायचे आहेत. ट्राय ही नियामक संस्था कुणाचाही वैयक्तिक नंबर बंद करत नाही, आणि ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कोणत्याही कायद्यात नाही.

परदेशातून येऊनही भारतीय नंबर दाखवणाऱ्या फोनसाठी वेगळी नोंद आहे. कामाची आहे, पण दोन ओळींपेक्षा जास्त सांगण्यासारखं तिच्यात काही नाही.

ॲप घ्यावं का?

सक्ती नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने नव्या फोनमध्ये हे ॲप आधीच घालण्याचा आदेश कंपन्यांना दिला होता. खासगीपणाच्या मुद्द्यावर टीका झाल्यावर ३ डिसेंबरला तो मागे घेतला. ॲपचा फायदा एवढाच की आलेला फोन किंवा मेसेज यादीतूनच उचलून कळवता येतो आणि दर वेळी ओटीपी लागत नाही. त्या बदल्यात अँड्रॉइडवर कॉल, एसएमएस, कॅमेरा, फाइल अशा परवानग्या मागितल्या जातात. ज्याला आठवड्यातून चार फसवे फोन येतात त्याने ॲप घ्यावं. ज्याला फक्त सिमची यादी पाहायची आहे त्याला संकेतस्थळ पुरेसं आहे, सगळी महत्त्वाची कामं तिथे होतात. घेतलंत तर अधिकृत स्टोअरमधूनच, आणि प्रकाशकाच्या जागी दूरसंचार विभागाचं नाव पाहून.

एपीके फाइलच्या, म्हणजे स्टोअरबाहेरून अँड्रॉइड ॲप बसवणाऱ्या फाइलच्या रूपात कुणी हे ॲप पाठवलं, तर ते नक्की बनावट. लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती, बँकेचं केवायसी या नावांनी फिरणाऱ्या एपीके फाइलींची रीत एकच: उघडताच एसएमएस वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटीची (पडदा वाचून स्वतःच बटणं दाबण्याची) परवानगी मागायची, मग ओटीपी परस्पर पुढे पाठवायचे. अशी फाइल उघडली गेली असेल तर डेटा आणि वायफाय बंद करा, सिम काढून साध्या फोनमध्ये घाला, बँकेला कळवा आणि मगच फोनची साफसफाई करा. काही ॲप आपलं चिन्ह लपवतात, म्हणून फॅक्टरी रीसेट हाच खात्रीचा उपाय. संचार साथी यातलं काहीही पकडत नाही.

ही सेवा जिथे संपते

सिम स्वॅप. भामटा तुमच्या नावाने नवं सिम किंवा ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम) काढतो आणि तुमचं बंद पडतं. टॅफकॉपच्या यादीत काहीच वेगळं दिसत नाही, कारण नंबर तोच असतो. खूण एकच: शेजाऱ्याला नेटवर्क आहे आणि तुमच्या फोनवर ‘नो सर्व्हिस’. त्याआधी बहुधा सिम बदलाच्या विनंतीचा एसएमएस आलेला असतो, तो दुर्लक्षून चालत नाही. लगेच दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला कळवा. २४ तासांच्या एसएमएस बंदीमुळे तुम्हाला थोडा वेळ मिळतो, तो वाया घालवू नका. सिम बदलल्यानंतर ७ दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे. कंपनीचा प्रतिनिधी म्हणून कुणी ‘हा मेसेज अमुक नंबरवर फॉरवर्ड करा’ सांगत असेल, तर तो तुमच्याच हातून ई-सिमची विनंती मंजूर करून घेत असतो.

आधार. बोटाच्या ठशावर बँकेतून पैसे काढण्याच्या एईपीएस सेवेत ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा एवढ्यावर एका वेळी १० हजारांपर्यंत रक्कम निघते. नोंदणीकृत दस्तांच्या प्रतींवरून ठसे उचलून ते रबरावर बनवण्याचे गुन्हे झाले आहेत. उपाय म्हणजे आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून बायोमेट्रिक लॉक. लॉक असताना रेशनच्या यंत्रावर अंगठा चालत नाही, ठसा देऊन सिम घेता येत नाही. गरज असेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येतं. तिथेच गेल्या सहा महिन्यांत तुमचा आधार कुठे कुठे पडताळला गेला त्याचा इतिहास दिसतो, एका वेळी ५० नोंदींपर्यंत. कागद मागणाऱ्याला शक्य तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड आधार’ द्या.

पॅन. तुमच्या पॅनवर दुसऱ्याने घेतलेलं कर्ज फक्त क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. चारही एकदम मागवू नका. दर तीन महिन्यांनी एकेक मागवलात तर वर्षभर नजर राहते. अनोळखी कर्जापेक्षाही आधी अनोळखी ‘चौकशी’ शोधा: अर्ज झाला की चौकशीची नोंद लगेच पडते, कर्जाची नोंद यायला वेळ लागतो. चूक कळवल्यावर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

आणि पैसे. पैसे गेले की १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक, दुसरं काही नाही. फोन करताना व्यवहाराचा क्रमांक, म्हणजे यूपीआयचा बारा आकडी यूटीआर, रक्कम, तारीख-वेळ, आपलं खातं आणि पैसे गेले तो यूपीआय आयडी किंवा खातं समोर ठेवा. हा तपशील मिळाला की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला इशारा जातो आणि तिथे शिल्लक असेल तेवढी रक्कम अडवली जाते. पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला. एटीएममधून रोख निघाली की साखळी तुटते. म्हणून ‘आधी घरच्यांना विचारू’, ‘सोमवारी शाखेत जाऊ’ यात गेलेला अर्धा तास महाग पडतो. फोननंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर पूर्ण तक्रार भरा. अडवलेली रक्कम परत मिळायला बरेचदा न्यायालयाचा आदेश लागतो.

बँकेला त्याच दिवशी वेगळं कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही अशा अनधिकृत व्यवहारात, बँकेकडून सूचना आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काहीही भार येत नाही. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नेहमीच्या बचत खात्याला १० हजार रुपयांपर्यंतचा भार. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे सगळं अडतं ते कळवल्याच्या वेळेवर. फोनवर तक्रार दिली तर तक्रार क्रमांक मागा आणि तोच मजकूर ईमेलनेही पाठवा; शाखेत दिली तर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ, तिन्ही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.